रोज रात्री बॅकअप होतो म्हणे!

कुठल्याही नव्या ठिकाणी कामाला गेलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, बॅकअप कसा घेता? उत्तरही ठरलेलं, "ऑटोमॅटिक आहे सर, रोज रात्री होतो." मग विचारायचं की कालचा झाला का. "होतोच की." बरं, पण झाला हे कशावरून? इथे जरा सगळे एकमेकांकडे बघतात, मग कुणीतरी विंडोजचा टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) उघडून दाखवतं, शेवटचा रन काल रात्री दोन वाजता, पुढे रिझल्ट शून्य, म्हणजे यशस्वी. झालं, त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझा तिथून सुरू होतो.

थोडं आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं कुठून येतंय ते कळेल. मी डेटाबेस सांभाळायची कामं घेतो, जास्त करून पतसंस्था, दूध संस्था, एखादं छोटं हॉस्पिटल, आणि काही वेबसाइटवाल्यांचे भाड्याचे लिनक्स सर्व्हर. मोठ्या बँकांसारखी वेगळी बॅकअप टीम, दुसऱ्या शहरातली डीआर साइट, म्हणजे संकटकाळी वापरायची पर्यायी जागा, वगैरे इथे काही नसतं. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर असतो, त्यालाच सर्व्हर म्हणायचं, त्यावर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची एक्सप्रेस आवृत्ती कारण ती फुकट आहे, आणि एक बॅच फाईल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी, जी सॉफ्टवेअरवाल्यांचा कुणी मुलगा लिहून गेला आणि तो मुलगा आता बंगलोरला असतो. त्या फाईलवर संस्थेच्या सगळ्या ठेवी अवलंबून, असं म्हटलं तरी चालेल.

आता बॅकअपचा विषय कुठेही काढा, लगेच कुणीतरी म्हणणार की रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करून, बघितल्याशिवाय तो बॅकअप नव्हेच. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर. पण हे म्हणणाऱ्यातले किती जण रोज रिस्टोअर करतात हो? महिन्यातून एकदा करतात त्यांनासुद्धा मी हात जोडतो. म्हणजे मधल्या सगळ्या दिवसांचं काय, तर देवाचं नाव. मला या पोस्टमध्ये मुख्य बोलायचंय ते या मधल्या दिवसांबद्दल, रोज सकाळी पाच मिनिटांत, फार डोकं न लावता, कालचा बॅकअप खरंच झाला हे कसं बघायचं त्याबद्दल. आणि माझं मत असं आहे की बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टला हे विचारायचंच नाही. स्वतःचा पेपर स्वतः तपासणाऱ्याला नेहमी पैकीच्या पैकी मार्क पडतात.

आधी तो टास्क शेड्युलरमधला शून्य कुठून येतो ते बघू. एक्सप्रेस आवृत्तीत एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो. पूर्ण आवृत्तीत जॉब लावा, वेळ ठरवा, फेल झाला तर ईमेल पाठवा अशी जी सोय असते ती इथे नाहीच, म्हणून सगळा जुगाड विंडोजवर. शेड्युलर बॅच फाईल चालवतो, बॅच फाईल एसक्यूएलसीएमडी नावाचं साधन चालवते, आणि ते आत डेटाबेसला बॅकअपची कमांड देतं. आता आत बॅकअप फेल गेला, डिस्क भरली म्हणा, परवानगी नाही म्हणा, तरी एसक्यूएलसीएमडी बाहेर येताना शून्यच सांगतं, कारण त्याच्या मते त्याने कमांड नेऊन दिली आणि उत्तर आणून दाखवलं, काम संपलं. चूक झाली तर चूक म्हणून सांग असं हवं असेल तर त्याला मायनस बी हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो, आणि मी बघितलेल्या बहुतेक बॅच फाईलींमध्ये तो नसतो. समजा दिला, तरी त्याच्या खाली पेनड्राइव्हवर कॉपी करणारी एक्सकॉपीची ओळ असते, ती परवाची जुनी फाईल छान कॉपी करते, आणि शेड्युलरला दिसतो तो या शेवटच्या ओळीचा निकाल. शून्य. यशस्वी.

दुसरा हमखास प्रकार म्हणजे झेड ड्राइव्ह. कुणीतरी नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं फोल्डर झेड म्हणून जोडलेलं असतं, लॉगिन करून बसलं की माय कॉम्प्युटरमध्ये मस्त दिसतं, हाताने बॅकअपची फाईल तिथे कॉपी-पेस्ट होते, म्हणून स्क्रिप्टमध्येही झेड लिहिलं जातं. पण बॅकअपची फाईल लिहितो एसक्यूएल सर्व्हर, तुम्ही नाही, आणि तो वेगळ्या सर्व्हिस खात्यावर चालतो, त्याच्यासाठी झेड नावाचा ड्राइव्ह अस्तित्वातच नाही. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाईलमध्ये, ऑपरेटिंग सिस्टिम एरर ३ येते, पाथ सापडत नाही म्हणून. लॉग कोण उघडतंय! इथे ड्राइव्हचं अक्षर न वापरता मशीनच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्यायचा आणि त्या सर्व्हिस खात्याला तिथे लिहायची परवानगी द्यायची, किंवा त्याहून सोपं, आधी लोकल डिस्कवर बॅकअप आणि मग वेगळी कॉपी.

आणि मेन स्विच. हे पुस्तकात नसतं पण आपल्याकडे सर्रास आहे. संध्याकाळी ऑफिस बंद करताना शिपाईमामा मेन स्विच पाडून जातात, शॉर्टसर्किट नको म्हणून, त्यांचंही चूक नाही, त्यांना तसंच सांगितलेलं असतं. आणि बॅकअप लावलाय रात्री दोनला! मशीनच बंद आहे तर तो घेणार कोण. टास्क शेड्युलरमध्ये 'वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव' असा एक पर्याय असतो, तो टिक केलेला नसेल तर सकाळी मशीन चालू झाल्यावरही काही होत नाही, आणि टिक केलेला असेल तर सकाळी काउंटरवर गर्दी असताना बॅकअप सुरू होतो आणि क्लार्क मॅडम म्हणतात आज सिस्टिम स्लो का आहे. मी अशा ठिकाणी सरळ वेळच बदलतो, डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद करणं) झाल्यावर, ऑफिस बंद व्हायच्या आधी, माणसं समोर असताना. रात्री दोन ही वेळ मोठ्या डेटा सेंटरवाल्यांसाठी ठीक आहे, जिथे रात्रीही कुणीतरी जागं असतं.

तर मग विचारायचं कुणाला? एसक्यूएल सर्व्हर स्वतः एक वही ठेवतो. एमएसडीबी नावाचा सिस्टिम डेटाबेस असतो, त्यात बॅकअपसेट नावाचं टेबल, आणि प्रत्येक पूर्ण झालेल्या बॅकअपची तिथे एक ओळ पडते, कुठला डेटाबेस, कधी सुरू, कधी संपला, पूर्ण होता की डिफरन्शियल (फक्त मधल्या बदलांचा) की लॉगचा (बदलांच्या नोंदींचा), साइझ किती. महत्त्वाची गोष्ट म्हणजे फेल गेलेल्याची ओळ इथे पडत नाही. त्यामुळे प्रश्न एकच विचारायचा, प्रत्येक डेटाबेसच्या शेवटच्या पूर्ण बॅकअपची वेळ काय, आणि ती चोवीस-पंचवीस तासांपेक्षा जुनी असेल तर लाल. इथे एक बारीक गोष्ट, डेटाबेसची यादी सर्व्हरवरून घ्यायची, बॅकअपसेटवरून नाही, नाहीतर ज्या डेटाबेसचा कधीच बॅकअप झाला नाही तो यादीतच येत नाही आणि सगळं हिरवंगार दिसतं. नव्या आर्थिक वर्षाला वेगळा डेटाबेस करणारी काही सॉफ्टवेअर आहेत, तिथे तर एप्रिलमध्ये हे हमखास होतं, स्क्रिप्ट बिचारी इमानदारीने जुन्या वर्षाचाच बॅकअप घेत बसते. आणि फेल का गेला हे हवं असेल तर एरर लॉगमध्ये ३०४१ हा नंबर शोधायचा, त्याच्या आसपास खरं कारण सापडतं.

पण ही वही सांगते की बॅकअप झाला होता, फाईल अजून जागेवर आहे हे ती सांगू शकत नाही. म्हणून दुसरं बघायचं ते प्रत्यक्ष फाईल, तारीख आणि साइझ. मला विचाराल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चोऱ्या पकडणारी तपासणी म्हणजे साइझची. गेल्या महिन्याभराच्या फाईलींचे साइझ एका खाली एक लिहून काढा, संस्था चालू आहे, रोज व्यवहार पडतायत, तर आकडा हळूहळू वाढत जाणार. मध्येच निम्मा झाला तर काहीतरी गडबड, दुप्पट झाला तरी गडबड. रोज आख्ख्या एका बॅकअपइतका वाढत असेल तर एक खास गोष्ट बघा. एसक्यूएल सर्व्हरला एकाच नावाच्या फाईलमध्ये बॅकअप घ्यायला सांगितलं आणि 'इनिट' लिहिलं नाही, तर तो जुना बॅकअप पुसत नाही, त्याच फाईलच्या शेवटी नवा जोडतो. फाईल फुगत जाते ते वेगळंच, पण रिस्टोअर करताना कितवा घ्यायचा हे कमांडमध्ये सांगितलं नाही तर तो पहिला घेतो, म्हणजे सगळ्यात जुना. रिस्टोअर यशस्वी, मेसेज यशस्वी, आणि डेटा सहा महिन्यांपूर्वीचा. फाईलमध्ये काय काय भरलंय ते 'रिस्टोअर हेडरओन्ली'ने दिसतं, एकदा चालवून बघाच.

साइझची तपासणी कुठे फसते तेही सांगतो. रॅन्समवेअरने फाईल लॉक केली तर साइझ जवळपास तेवढाच राहतो. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क कायम सर्व्हरला लावून ठेवणं म्हणजे दोन्ही अंडी एकाच टोपलीत, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाईलीही त्याने सोडल्या नव्हत्या. गुगल ड्राइव्हचं सिंक लावलंय म्हणून निर्धास्त असणारे पण बरेच भेटतात, सिंक म्हणजे इकडे डिलीट झालं की तिकडेही डिलीट, तो काही बॅकअप नव्हे.

फाईल आतून वाचता येते का हे बघायला 'रिस्टोअर व्हेरिफायओन्ली' आहे. त्याने बॅकअप पूर्ण आहे आणि वाचता येतोय एवढं कळतं, आणि बॅकअप घेताना 'विथ चेकसम' लिहिलं असेल तर ते चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडेही, पुन्हा ताडून बघतं, म्हणून ते दोन शब्द प्रत्येक बॅकअप कमांडला लावाच, पैसे पडत नाहीत. पण आतला डेटा शहाणा आहे का हे व्हेरिफायओन्लीला कळत नाही. दुसऱ्या मशीनवर कॉपी केल्यावर दोन्हीकडचा हॅश (फाईलच्या ठशासारखा आकडा) काढून जुळवणं हे पण चांगलं, विंडोजवर सर्टयुटिल आणि लिनक्सवर शा२५६सम, एका ओळीचं काम आहे.

आता लिनक्सवाल्यांनी हसू नये, कारण तिकडचा किस्सा याहून भारी आहे. जगातल्या अर्ध्या ब्लॉगवर हीच ओळ सापडेल, पीजी_डंप किंवा मायएसक्यूएलडंप (पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचा डेटा फाईलमध्ये उतरवणारे प्रोग्राम), मग पाइप (एकाचं आउटपुट पुढच्याला देणारा), मग जीझिप (डेटा दाबून लहान करणारा), मग फाईल. पाइपमध्ये डावीकडचा प्रोग्राम फेल गेला तरी शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) दिसतो तो शेवटच्याचा निकाल, आणि शेवटचा आहे जीझिप, त्याला काय, जे आलं ते दाबून ठेवलं. डंपला पासवर्ड चुकीचा मिळाला आणि एक अक्षरही बाहेर आलं नाही तरी जीझिप इमानदारीने रिकामी फाईल बनवतो, बरोबर २० बाइटची, आणि ती फाईल जीझिपच्या स्वतःच्या तपासणीत पास पण होते! फोल्डरमध्ये रोजच्या तारखेच्या फाईली ओळीने उभ्या, नावं सुंदर, आत काही नाही. बॅश या शेलमध्ये स्क्रिप्टच्या वर 'सेट मायनस ओ पाइपफेल' लिहिलं की हा प्रकार थांबतो, मधला कुणीही पडला तरी पूर्ण ओळ फेल धरली जाते.

अर्धवट डंप पकडायला अजून एक सोपी युक्ती आहे. मायएसक्यूएलडंप पूर्ण झालं तर शेवटी 'डंप कम्प्लीटेड ऑन' अशी तारखेसकट कॉमेंट लिहितं, पीजी_डंपचा साधा एसक्यूएल फॉरमॅट असेल तर त्याच्याही शेवटाकडे 'पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस डंप कम्प्लीट' असं येतं. फाईल उलगडून शेवटच्या काही ओळींत ते वाक्य आहे का बघायचं, नसेल तर मध्येच काहीतरी तुटलंय. मायएसक्यूएलसाठी एक्स्ट्राबॅकअप वापरणाऱ्यांना शेवटी 'कम्प्लीटेड ओके' मिळतं, तेच शोधायचं. पोस्टग्रेसचा फिजिकल बॅकअप, म्हणजे डेटाच्या फाईलींचीच कॉपी, घेत असाल तर आवृत्ती १३ पासून बॅकअपबरोबर मॅनिफेस्ट (फाईलींची यादी) येतं आणि पीजी_व्हेरिफायबॅकअप त्यावरून एकेक फाईल ताडून बघतं. आणि डंप पूर्ण असूनही अपुरा असू शकतो हे विसरू नका, पीजी_डंपमध्ये एका डेटाबेसचा माल येतो, युजर आणि रोल येत नाहीत, ते पीजी_डंपऑलने वेगळे घ्यावे लागतात, आणि मायएसक्यूएलडंप स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) आणि इव्हेंट (ठरलेल्या वेळी चालणारी कामं) सांगितल्याशिवाय घेत नाही. हे सगळं रिस्टोअरच्या रात्री कळतं. अॅप सुरू होतं, लॉगिन होतं, आणि रिपोर्ट काढायला गेलं की प्रोसीजर सापडत नाही.

लहान लोकांचं सोडा, प्रोग्रामरचे कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीचं बघा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर उडवलं, लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. ठीक आहे, माणूस आहे, थकलेला असतो, बॅकअप आहे ना. तर अॅमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणीवरचं बॅकअपचं बकेट (फोल्डरसारखी जागा) उघडलं आणि ते रिकामं! पीजी_डंप रोज चालत होतं, पण सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, तो नवीन आवृत्तीचा डंप घ्यायला नकारच देतो, म्हणजे रोज सुरू होऊन रोज पडत होता. मग पडल्याची ईमेल गेली नाही का, तर गेली होती की. क्रॉनमधून (लिनक्सच्या टास्क शेड्युलरमधून) जाणाऱ्या त्या ईमेलवर डीमार्कची (ईमेल खरंच त्याच डोमेनवरून आली हे पटवण्याची) सोय केलेली नव्हती म्हणून समोरच्या मेल सर्व्हरने त्या नाकारल्या, कुणाला मिळाल्याच नाहीत. अॅझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी वाचवलं कशाने, तर त्याच इंजिनिअरने टेस्टिंगसाठी सहाएक तास आधी हाताने एक एलव्हीएम (लिनक्सच्या डिस्क व्यवस्थेचा) स्नॅपशॉट घेतला होता त्याने. साधारण सहा तासांचा डेटा गेला, त्यांच्याच अंदाजाने ५००० च्या आसपास प्रोजेक्ट, तेवढ्याच कॉमेंट आणि ७०० च्या आसपास नवे युजर. त्यांचं कौतुक एवढंच की लपवलं नाही, रिकव्हरी चालू असताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि नंतर सगळं सविस्तर लिहून टाकलं. आपल्याकडे असं काही झालं तर आधी सर्व्हर रूमला कुलूप लागेल.

यातली ईमेलची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. फेल झालं तर कळवा, ही व्यवस्थाच मुळात कच्ची आहे. मशीन बंद असेल तर फेल झाल्याचं कळवणार कोण? नेट बंद, ईमेलचा पासवर्ड बदलला, मेल स्पॅममध्ये गेली, क्रॉन सर्व्हिसच चालू झाली नाही, या सगळ्यात तुम्हाला ऐकू येतं ते एकच, काहीच नाही. आणि सगळं सुरळीत असतानाही ऐकू येतं तेच. बरं, यश आल्याची रोज ईमेल पाठवा म्हणाल तर पहिला आठवडा लोक वाचतात, मग फिल्टर लावून फोल्डरमध्ये टाकतात, आणि एक दिवस ती यायची बंद झाली हे कुणाच्या लक्षात येणार. न आलेली ईमेल डोळ्याला दिसत नाही.

याच्यावरचा उपाय मुंबईच्या लोकलमध्ये आहे. मोटरमनच्या हाताखाली डेडमॅन हँडल असतं, ते दाबून धरलंय तोपर्यंत गाडी चालते, सोडलं की ब्रेक लागतात, मोटरमनला काही झालं तर त्याने काही कळवायची वाट बघायची नाही. बॅकअपला तसंच करायचं. बाहेरच्या एका जागी, म्हणजे त्या मशीनवर अजिबात नाही, एक घड्याळ लावायचं, बॅकअप पूर्ण झाला आणि वरच्या तपासण्या पास झाल्या की स्क्रिप्टने एका पत्त्यावर एक हाक मारायची, आणि ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर बाहेरच्याने बोंब मारायची. हेल्थचेक्स डॉट आयओ नावाची सर्व्हिस हेच करते, ओपन सोर्स आहे, हवं तर स्वतःच्या सर्व्हरवर टाका, टेलिग्रामवर मेसेज येतो. हाक मारायची ती तपासण्यांनंतर, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, मी अशा स्क्रिप्ट बघितल्यात जिथे हाक पहिल्याच ओळीत मारली जाते, बॅकअप सुरू झाला याची. सुरू तर रोजच होतो.

घड्याळावरून आठवलं, क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेक यूटीसी या जागतिक वेळेवर असतात, आपल्या रात्रीच्या दोन वाजता तिकडे आदल्या दिवसाचे साडेआठ वाजलेले असतात, त्यामुळे फाईलच्या नावात आदल्या दिवसाची तारीख येते. दर वेळी कुणीतरी मला फोन करून सांगतं की आजचा बॅकअप झालेला नाही. झालेला असतो. एकदाच सगळ्यांना सांगून टाका किंवा फाईलच्या नावात वेळ पण घाला, नाहीतर उलटं होऊन खरंच नसेल तेव्हा लोक म्हणतील की तो यूटीसीचा प्रकार असेल.

जुन्या फाईली पुसणारी ओळ हा वेगळाच शत्रू. सात दिवसांपेक्षा जुनं ते उडव, अशी ओळ प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी असते, आणि ती नवा बॅकअप झाला की नाही हे न बघताच उडवते. नवे बॅकअप फेल जायला लागले की आठव्या दिवशी तुमच्याकडे शून्य बॅकअप, आणि डिस्कमध्ये भरपूर जागा. आधी नवीन फाईल तपासा, पास झाली तरच जुनी उडवा, आणि काही झालं तरी शेवटच्या अमुक इतक्या चांगल्या फाईली ठेवाच, तारीख कितीही जुनी असो. तसंच नवीन डंप थेट जुन्या फाईलच्या नावावर लिहायचा नाही, शेल फाईल उघडतानाच आधी रिकामी करतो, डंप नंतर सुरू होतो. तात्पुरत्या नावाने लिहा, तपासा, मग नाव बदला.

एवढं सगळं रोजचं झालं. आता महिन्याचं रिस्टोअर. ३१ मार्चला जगभर बॅकअप दिवस पाळतात, कुणी ठरवला माहीत नाही पण त्याने आपल्याकडची इयर एंडिंग बघितलेली नसणार, त्या दिवशी पतसंस्थेत जाऊन रिस्टोअर करून बघू म्हणा आणि जिवंत परत या. महिन्याचा कुठलाही निवांत शनिवार घ्या. वेगळ्या मशीनवर, तीच किंवा पुढची आवृत्ती टाकून, कारण नवीन एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप जुन्यावर चढत नाही. चढल्यावर डीबीसीसी चेकडीबी चालवायचं, म्हणजे आतली पानं शाबूत आहेत का कळतं. किती वेळ लागला तो लिहून ठेवायचा, उद्या चेअरमन फोनवर विचारतील तेव्हा अंदाजे सांगायला नको.

आणि मग डेटा बरोबर आहे का हे कसं ठरवायचं? आयटीवाले इथे टेबलातल्या ओळी मोजतात, सगळ्यात नवीन एन्ट्रीची तारीख बघतात, ते कराच. पण पतसंस्थेत याहून पक्की सोय शंभर वर्षांपासून आहे. त्या दिवसाची रोजकीर्द (दिवसभराच्या व्यवहारांची नोंद) छापून, सही करून फाईलला लागलेली असते. रिस्टोअर केलेल्या कॉपीवरून त्याच तारखेची रोजकीर्द काढा आणि अखेरची रोख शिल्लक कागदाशी जुळवा. मग तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकींचा ताळा) काढा, ती जुळते का बघा. शेवटचा व्हाउचर नंबर बघा. पिग्मीवाल्यांची (रोज दारोदार बचत गोळा करणाऱ्यांची) मशीनं त्या दिवशी कधी अपलोड झाली आणि बॅकअप त्याच्या आधीचा आहे की नंतरचा ते बघा, कारण डे-एंडच्या आधीचा बॅकअप असेल तर त्यात दिवसभराची पिग्मी नसू शकते आणि शिल्लक नेमकी तेवढ्यानेच चुकते. हे काम मी स्वतः करत नाही, संस्थेच्या अकाउंटंटना शेजारी बसवतो. एका ठिकाणच्या अकाउंटंट काकांनी माझ्या सगळ्या हिरव्या तपासण्यांकडे बघितलंसुद्धा नाही, तेरीज हातात घेतली, पेन्सिलने दोन खाती तपासली आणि म्हणाले, "काल संध्याकाळचे कर्जाचे हप्ते नाहीयेत यात." नव्हतेच. बॅकअप पूर्ण होता, चेकसम बरोबर होता, फक्त डे-एंड उशिरा झाला होता आणि बॅकअप आपल्या वेळेवर. तेव्हापासून त्या संस्थेत बॅकअप घड्याळावर नाही, डे-एंडचं बटण दाबून झालं की त्याच्या मागोमाग सुरू होतो.

रिस्टोअर करणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट, कारण यात लोक फसतात. ज्या टेस्ट मशीनवर कॉपी चढवाल तिथे सॉफ्टवेअरची एसएमएस पाठवणारी सर्व्हिस चालू नाही ना हे आधी बघा, आणि खात्री नसेल तर नेटची वायरच काढून ठेवा. ती सर्व्हिस डेटाबेसमध्ये 'पाठवायचे बाकी' असलेले मेसेज शोधत असते, जुन्या कॉपीत ते तसेच पडलेले असतात, आणि मग शनिवारी दुपारी खातेदारांना मागच्या आठवड्यातल्या पैसे काढल्याचे एसएमएस जातात. सोमवारी काउंटरवर काय होतं ते सांगायला नको. काम झालं की ती कॉपी ड्रॉप करा, बॅकअपची फाईलही त्या मशीनवरून काढा, त्यात लोकांचे आधार, पॅन, फोन नंबर सगळं असतं आणि टेस्टचं मशीन म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा तरी घरी जाणारा लॅपटॉप असतो.